उरलेले सत्तर भाग

पत्र थोडक्यात : भुसावळला राहणारे, जळगावच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलच्या ऑफिसात हिशेब बघणारे, वय ३४. रोजचं अप-डाऊन. घरी बायको, अकरा वर्षांचा मुलगा आणि टीव्ही एकच. रात्री साडेनऊ ते अकरा एवढाच निवांत वेळ. गेली काही वर्षं ते सुपरहिरोंच्या इंग्रजी सिरीज सबटायटल लावून बघतात. ‘अॅरो’ पूर्ण झाली. ‘द फ्लॅश’चे पाच सीझन झाले. तिसऱ्यापासूनच कंटाळा येत होता, पण इतकं बघून झाल्यावर आता सोडवत नाही. शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर ते सिरीजबद्दल लिहीत असत. एकानं ‘काय भो, पोरगं मोठं झालं, तू कधी होशील?’ असं सुनावलं. बाकीच्यांनी ‘ब्रेकिंग बॅड’सारखं काही ‘खरं’ बघ म्हणून सांगितलं. दोनदा सुरू केली, दोन्हीदा दुसऱ्या भागात झोप लागली, तरी ग्रुपवर ‘जबरदस्त आहे’ असं लिहून टाकलं. बायको कोरियन मालिका हिंदी डबिंगमध्ये बघते. तिचं म्हणणं, ‘तुमच्या उडणाऱ्या माणसांच्या गोष्टीत बाईला कामच नसतं.’ शेवटच्या ओळीत त्यांनी असंही लिहिलंय की मुलगा ‘द बॉईज’साठी हट्ट धरून बसलाय. प्रश्न असा : माझी आवड खरंच पोरकट आहे का? असेल तर सुधारायची कशी?

भाऊ,

तुमच्या पत्रात खटकण्यासारखी गोष्ट एकच आहे आणि ती तुम्ही जाता जाता लिहून मोकळे झालात : न बघितलेल्या सिरीजला तुम्ही ‘जबरदस्त’ म्हणालात. उडणारी माणसं बघण्यात काही पोरकट नाही. चारचौघांत हसू होऊ नये म्हणून दुसऱ्याचं मत उसनं आणणं मात्र नववीतल्या पोराचं काम. रागावू नका. बाकी सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे, आणि त्यातलं बरंचसं तर टीव्हीच्या सेटिंगमध्येच सापडेल.

आधी ती वाटणी बघू. सुपरहिरो पोरांचे आणि ड्रामा मोठ्या माणसांचा, हे मित्रांनी मांडलं आणि तुम्ही खाली सही केलीत. ऑफिसात एखादं बिल असं न तपासता सोडता का?

तुमच्या वयाच्या त्या अख्ख्या ग्रुपनं ‘शक्तिमान’ बघितलेला असणार. १९९७ च्या सप्टेंबरात तो दूरदर्शनवर सुरू झाला आणि २००५ पर्यंत चालला. शक्तिमान झालेले मुकेश खन्ना त्याआधी बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’मध्ये भीष्म होते. १९८८ ते १९९०, ९४ भाग. आता भीष्माकडे बघा. इच्छामरण म्हणजे आजच्या भाषेत सुपरपॉवरच की. पण ती कशावर मिळाली? राज्य आणि संसार, दोन्हींवर पाणी सोडलं म्हणून बापानं दिली. आणि तिनं पुढं केलं काय, तर अख्ख्या कुळाचा नाश बाणांवर पडून उघड्या डोळ्यांनी बघायला लावला. याला पोरकट म्हणणारा माणूस अजून तरी भेटायचाय. खानदेशच्या वेशीवर मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटात काम करणाऱ्या पोरांनी स्वतःचा सुपरमॅन काढला, हडकुळा, मागावर काम करणारा. २००८ मध्ये त्यावर माहितीपटही झाला. त्यांनी सुपरमॅनला आपल्या गल्लीत आणला तेव्हा तो पोरांसाठी आहे की मोठ्यांसाठी, हे कुणाला विचारत बसले नाहीत.

म्हणून माणूस उडतो की नाही, हे बाजूला ठेवा. दोन प्रश्न हाताशी ठेवा. उडता आल्यामुळे त्याचं काय गेलं? आणि जे गेलं ते गेलेलंच राहिलं का? कुठलीही सिरीज, केपवाली असो की कोर्टकचेरीवाली, या दोन प्रश्नांवर लगेच उघडी पडते.

‘अॅरो’ तुम्ही पूर्ण बघितलीय, तिच्यावरच लावून बघा. तिसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात नायक ऑलिव्हरची साथीदार सारा मरते. धक्का बसतो, तिच्या बापाला सांगायचं कसं यात बराच सीझन जातो. मग चौथ्या सीझनमध्ये लाझरस पिट नावाच्या कुंडात तिला उतरवतात आणि ती परत. ऑलिव्हर तर त्याच तिसऱ्या सीझनच्या मध्यावर तलवार खाऊन कड्यावरून खाली जातो आणि काही भागांत पुन्हा धनुष्य घेऊन हजर. एकदा हे बघितल्यावर पुढच्या कुठल्याही मरणाला तुमचं काळीज हलत नाही. तुम्हाला वाटलं आपण निबर झालो. अहो, सिरीजनंच शिकवलं की इथं मेलेलं माणूस फक्त सुट्टीवर जातं.

‘फ्लॅश’चं दुखणं थोडं वेगळं आहे, आणि ते तुम्हाला तिसऱ्या सीझनला जाणवलं याचं मला कौतुक वाटतं. पहिल्या सीझनचा व्हिलन रिव्हर्स-फ्लॅश, वेगानं धावणारा. दुसऱ्याचा झूम, वेगानं धावणारा. तिसऱ्याचा सॅव्हिटार, तोही तसाच. पहिला निघतो नायक बॅरीचा गुरू झालेला वेल्स. दुसरा निघतो मित्र म्हणून आलेला जे. तिसरा निघतो भविष्यातला बॅरी स्वतःच. म्हणजे तीन वर्षं ओळीनं तेच : आपल्यापेक्षा जोरात पळणारा कुणीतरी, आणि मुखवट्यामागे ओळखीचा चेहरा. तुम्हाला कंटाळा आला म्हणता, मी म्हणतो तुम्ही साचा ओळखलात. तो कंटाळा हेच तुमचं मत होतं, फक्त ते शब्दांत उतरवायचं राहिलं.

असं का होतं हे कळलं तर राग थोडा कमी होईल. अमेरिकेतल्या वाहिन्यांचा सीझन पूर्वापार सप्टेंबरच्या शेवटाला नाहीतर ऑक्टोबरला सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो. त्यात २२-२३ भाग बसवायचे. तासाभराच्या वेळेतून जाहिराती वजा जाता हातात उरतात ४२ मिनिटं. एक भाग साधारण आठ-नऊ दिवसांत चित्रित करून बाजूला ठेवायचा आणि पुढचा हातात घ्यायचा. माणूस विजेसारखा शहरभर पळतो ते दृश्य संगणकावर तयार होतं, महाग पडतं, म्हणून भागात दोन-चारदाच वापरायचं. मग बाकीची मिनिटं कशानं भरणार? तीच लॅब, तेच पाच जण अर्धवर्तुळात उभे, आणि मारामारीच्या आधी कुणीतरी बॅरीला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन ‘तू करू शकतोस’ सांगणार. पाच सीझनमध्ये हा कॉरिडॉर तुम्हाला घरच्या पडवीइतका पाठ झाला असेल. शिवाय व्हिलन ऑक्टोबरात दाखवला तरी मेपर्यंत तो हाती लागता कामा नये. त्यामुळे डोळ्याचं पातं लवायच्या आत शहराला फेरी मारणारा माणूस बंदूकवाल्यासमोर उभा राहून गप्पा मारतो. लेखक मठ्ठ आहेत अशातला भाग नाही, त्यांना भाग पुरवायचेत.

पातळ वरण वाढवत न्यावं तसं हे आहे, आणि वरणाला जात नसते. आपल्याकडच्या रोजच्या मालिका काय वेगळं करतात? आठवड्याला सहा भाग, म्हणून एका वाक्यावर सात चेहरे तीन-तीनदा. त्यात कुणी उडत नाही, तरी पाणी तेवढंच. उलट, भाग कमी झाले की काय होतं त्याचा एक नमुना २००७-०८ चा. हॉलिवूडच्या लेखकांचा संप १०० दिवस चालला. ‘हीरोज’ ही सुपरहिरोंची सिरीज दुसऱ्या सीझनला ११ भागांवर गुंडाळावी लागली आणि त्यातून ती नीट सावरलीच नाही. त्याच संपात ‘ब्रेकिंग बॅड’चा पहिला सीझन नऊऐवजी सात भागांचा झाला आणि अंगाला लागला. त्यामुळे कमी भाग म्हणजे आपोआप चांगलं, असंही मानू नका. नेटफ्लिक्ससाठी केलेल्या ‘ल्यूक केज’च्या पहिल्या सीझनचे भाग फक्त १३, पण सातव्याला व्हिलन कॉटनमाउथ मेला आणि उरलेल्या सहा भागांना पहिल्या सहांची सर नाही. गोष्टीला जितका जीव आहे तितकेच भाग असावेत, एवढंच.

आता दोन दृश्यं शेजारी ठेवू, म्हणजे मित्रांशी बोलायला काहीतरी हातात राहील.

पहिलं ‘डेअरडेव्हिल’चं, पहिला सीझन, दुसरा भाग, अगदी शेवटी. अरुंद कॉरिडॉर, हिरवट-पिवळा उजेड. पळवून नेलेला मुलगा टोकाच्या खोलीत. आंधळा नायक आधीच मार खाऊन आलेला, भाग सुरू होतो तेव्हा तो कचऱ्याच्या पेटीत पडलेला सापडतो आणि एक नर्स त्याला टाके घालते. अशा माणसाची मारामारी, सुमारे तीन मिनिटं, कट न घेता. नुसत्या ठोशांकडे बघू नका, ठोशांच्या मधल्या जागांकडे बघा. तो भिंतीला टेकतो. दमतो. पाडलेला माणूस पुन्हा उठतो, कारण ठोशात पुरता जोर उरलेला नाही. कॅमेरा काही खोल्यांत जातच नाही, आत काय झालं ते आवाजावरून कळतं. शेवटी मुलाला उचलून बाहेर नेतो तेव्हा हा माणूस जिंकला असं वाटत नाही, याच्यातलं बरंच काही खर्ची पडलं असं वाटतं. किंमत दिसली.

दुसरं ‘ब्रेकिंग बॅड’चं, पहिला सीझन, तिसरा भाग. तुम्ही दोन्हीदा त्याच्या एक भाग अलीकडे झोपलात. रसायनशास्त्राचा मास्तर, तळघरात एक माणूस बांधून ठेवलेला, त्याला मारायचं की सोडायचं हे ठरत नाही. मास्तर वहीच्या पानावर दोन रकाने पाडतो. सोडायची कारणं एकीकडे, मारायची दुसरीकडे. तुमच्या भाषेत जमा आणि नावे. जमेच्या बाजूला ओळीनं कारणं, नावेच्या बाजूला एकच, पण ते सगळ्यांना पुरून उरणारं. पुढं कचऱ्याच्या डब्यातून तो फुटलेल्या ताटलीचे तुकडे काढतो आणि ओट्यावर एकेक जुळवत बसतो. एक तुकडा कमी भरतो. बस, पुढचं सांगत नाही. स्वयंपाकघर, एक ताटली आणि एक माणूस, पण ताळेबंद न जुळल्यावर पोटात जो गोळा येतो तो तुम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

दोन्हीकडे हिशेब एकच चाललाय. म्हणून तुमची आवड ‘सुधारायची’ गरज मला दिसत नाही, ती जरा पुढं न्यायची आहे.

मग झोप का लागली? कारणं साधी आहेत. साडेदहाला सुरू केलं असणार, दिवसभर आकडेमोड आणि अप-डाऊन करून. सबटायटल वाचायच्या सिरीजला डोळे सतत पडद्यावर लागतात, आणि मध्ये फोन उचलला की दोन वाक्यं गेली. सुपरहिरोच्या सिरीजमध्ये दोन वाक्यं गेली तरी ठोसा कुणाला बसला ते दिसतं. इथं तसं होत नाही.

दुसरं कारण खानदेशी आहे : कूलर. मार्च ते जून आपल्याकडे कूलरशिवाय बसवत नाही, आणि त्याच्या घरघरीत स्फोट ऐकू येतो, कुजबुज नाही. ड्रामा बराचसा कुजबुजीत घडतो. उपाय पैशांशिवाय होतो. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘डायलॉग’ असा पर्याय असेल तो चालू करा. अॅपमध्ये ऑडिओ ५.१ वर (म्हणजे सहा स्पीकरांसाठीचा) असेल तर स्टिरिओ निवडा, टीव्हीच्या दोन स्पीकरांवर ५.१ चा आवाज कित्येकदा असा येतो की मारामारी कानठळ्या बसवते आणि बोलणं दबतं. सबटायटलचा आकार एक पायरी मोठा करा.

चित्राचंही तेच. नवीन टीव्हीवर हलत्या चित्रात आपल्या मनाच्या जादा फ्रेम घुसवायची सोय कंपनीतूनच चालू येते. सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’. क्रिकेटला ती बरी. पण सेकंदाला २४ फ्रेमवर चित्रित केलेली सिरीज तिच्यामुळे घरगुती व्हिडिओसारखी गुळगुळीत दिसते आणि महागडी सिरीजही स्वस्तातली वाटते. ती बंद करा, पिक्चर मोड ‘व्हिविड’वरून ‘सिनेमा’वर आणा. टीव्हीला मोबाइलचा हॉटस्पॉट देत असाल तर रात्रीच्या दृश्यांत काळे चौकोन दिसतील. तो दोष सिरीजचा नाही, नेट अपुरं पडतंय. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत लागतात, रोजच्या दोन जीबीत ते बसायचं नाही.

हे सगळं करून शनिवारी रात्री साडेआठला, जेवण आवरून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पहिले तीन भाग बघा. तिसरा, ताटलीवाला, संपेपर्यंत निकाल नाही. त्यानंतरही मन लागलं नाही तर सोडा आणि ग्रुपवर तसं लिहा. ‘तीन भाग बघितले, माझ्यासाठी नाही, कारण अमुक’ हे वाक्य ‘जबरदस्त आहे’पेक्षा कितीतरी वजनदार आहे. आधीच्या मेसेजचं काय करायचं? ‘तेव्हा झोपलो होतो, आता बघितली’ असं सरळ लिहा. हसतील दोन दिवस.

आता ‘फ्लॅश’. एकूण १८४ भाग. पाच सीझनचे ११४ झाले, उरले ७०. बेचाळीस मिनिटांच्या हिशेबानं ४९ तास. तुमच्या दीड तासात दोन भाग बसतात, म्हणजे ३५ रात्री. ‘ब्रेकिंग बॅड’ सगळी मिळून ६२ भागांची आहे आणि जवळपास तेवढ्याच वेळात संपते. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘इतकं बघितलं, आता सोडून कसं चालेल’ असं वाटताना माणूस मागचे ८० तास मोजतो, ते तर गेलेच. हातात आहेत ते पुढचे ४९. बुडीत उधारीवर आणखी उधार द्यायचं का, याचं उत्तर तुम्ही ऑफिसात रोज देत असाल.

पण तुटल्यासारखं वाटू नये म्हणून एक रस्ता आहे. पाचव्या सीझनच्या शेवटी नोराची, बॅरीच्या भविष्यातून आलेल्या मुलीची, गोष्ट पुरी होते, थांबायला जागा बरी आहे. टोचतं ते एवढंच की पहिल्या भागापासून वर्तमानपत्रातल्या ज्या मथळ्याची भीती दाखवली, ते ‘क्रायसिस’, म्हणजे सगळ्या सिरीजच्या हिरोंचं एकत्र कथानक, बघायचं राहतं. ते पाच भागांत आहे आणि पाच वेगवेगळ्या सिरीजमध्ये विखुरलेलं : आधी ‘सुपरगर्ल’, मग ‘बॅटवुमन’, मग ‘फ्लॅश’, चौथा ‘अॅरो’, पाचवा ‘लेजंड्स ऑफ टुमॉरो’. डिसेंबर २०१९ ते जानेवारी २०२० मध्ये दाखवलेलं. तुम्ही ‘अॅरो’ पूर्ण बघितलीय म्हणजे चौथा भाग मागचा-पुढचा संबंध न लागता सुटाच बघितला असणार आणि हे काय चाललंय म्हणून डोकं खाजवलं असणार. पाच भाग ओळीनं बघा, साडेतीन तासांत मिटतं. मग खुशाल सोडा.

घरातला प्रश्न तुम्ही मांडलात त्यापेक्षा सोपा आहे, कारण वहिनींचं म्हणणं बरोबर आहे. ‘फ्लॅश’चा पहिला सीझन आठवा. बॅरी फ्लॅश आहे हे नायिका आयरिसच्या बापाला माहीत, पुढं तिच्या होणाऱ्या नवऱ्यालाही कळतं, लॅबमधल्या सगळ्यांना माहीत. फक्त तिला नाही, आणि पेशानं ती पत्रकार! तिच्या ‘काळजीपोटी’ म्हणे. वहिनींनी नेमकं बोट ठेवलंय, वाद घालू नका. दोघांनी मिळून बघण्यासारखं काय, ते सांगतो. ‘मूव्हिंग’ नावाची कोरियन सिरीज आहे, २०२३ ची, २० भाग. शाळकरी मुलगा, मन उचंबळलं की जमिनीवरून सुटतो. आईचं छोटं हॉटेल. पोरगं वर तरंगू नये म्हणून ती त्याला पोटभर खाऊ घालून जड ठेवते, दप्तरातही वजन भरते. कळण्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवणाऱ्या कुठल्याही आईला हे कळेल. पहिले सात भाग मुलांचे, आठव्यापासून आईबापांचा भूतकाळ उघडतो, आणि सुपरहिरो कोण नि ड्रामा कुठला हे वेगळं काढता येत नाही. मारामारी मात्र रक्ताळलेली आहे, मुलगा झोपल्यावरच.

दुसरी ‘सुपरमॅन अँड लोइस’. २०२१ ते २०२४, ५३ भाग. सुपरमॅनला दोन वयात येणारे मुलगे, पहिल्याच भागात नोकरी जाते, आई वारते आणि शेतघरावर काढलेलं कर्ज कळतं. सगळं कुटुंब शहर सोडून गावी येतं. उडता येणारा माणूस कर्जाच्या कागदांसमोर इतरांइतकाच जमिनीवर असतो. लोइस इथं रडायला ठेवलेली नाही, तिसऱ्या सीझनचा भार तिच्या आजारपणावर आहे.

वेळेची वाटणी करायची तर मिनिटांवर करा, दिवसांवर नको. कोरियन भाग तास-सव्वा तासाचा असतो, तो तुमच्या साडेनऊ-अकरामध्ये एकच बसतो आणि साधारण १६ भागांत गोष्ट संपते. त्यामुळे ‘एक दिवस तुझा, एक माझा’ केलं तर दोघांचीही लिंक तुटते. एक गोष्ट पूर्ण त्यांची, मग एक पूर्ण तुमची. मधल्या काळात तुमची भूक भागवायला अप-डाऊन आहे. भुसावळ-जळगाव प्रवासात ४२ मिनिटांचा भाग अर्धाच होतो, २२ मिनिटांचा नेमका बसतो. १९९२ पासूनची ‘बॅटमॅन : द अॅनिमेटेड सिरीज’ घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा, ८५ भाग आहेत. ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग आधी बघा. बर्फाच्या बंदुकीचा व्हिलन, बायकोला वाचवता न आल्यानं थिजलेला. त्या लेखनाला एमी पुरस्कार मिळाला. कार्टून म्हणून डब्यात शेजारचा हसला तर हसू द्या.

ग्रुपवर लिहायचं तर भाग संपल्यावर दहा मिनिटांत, फोनच्या नोटमध्ये तीन गोष्टी टिपा : भागाचा नंबर, मन कुठल्या मिनिटाला सुटलं किंवा गुंतलं, आणि त्या क्षणी पडद्यावर काय चाललं होतं. दुसऱ्या दिवशी त्यावरून चार ओळी. ‘बोअर झालं’ म्हणण्यापेक्षा ‘तिसऱ्यांदा तोच मुखवटा, आत पुन्हा ओळखीचाच माणूस’ असं लिहिलंत तर उत्तर द्यायला समोरच्याला सिरीज आठवावी लागते. वर ‘पुढचं फोडतोय’ अशी एक ओळ टाका. सिरीज न बघितलेल्याची मजा घालवणं, थंडीत दुसऱ्यानं भाजलेल्या भरिताची वांगी पळवण्याइतकंच वाईट.

राहिला मुलगा. ‘द बॉईज’ अजिबात नाही. नाव आणि पोस्टर बघून मुलांना ती त्यांचीच वाटते. पहिल्या काही मिनिटांत जोरात धावणारा सुपरहिरो नायकाच्या मैत्रिणीच्या आरपार जातो आणि नायकाच्या हातात फक्त तिचे हात उरतात. तुमच्यासाठी ती उत्तम आहे. ‘फ्लॅश’नं पाच सीझनमध्ये वेगाची जी किंमत दाखवली नाही ती इथं एका क्षणात दिसते, सीझनला भागही आठच. पण वर्गवारी ‘ए’, म्हणजे प्रौढांसाठी. २०२१ च्या नियमांनुसार आपल्याकडे या अॅपांना यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए अशी वर्गवारी दाखवावी लागते, आणि यू/ए १३+ पासून पुढं पालकांसाठी लॉकची सोय द्यावी लागते. मुलाचं वेगळं प्रोफाइल करा, त्यावर ७+ ची मर्यादा लावा, आणि तुमच्या प्रोफाइललाही पिन लावा. हे दुसरं लोक विसरतात आणि पहिल्याचा काही उपयोग होत नाही.

नुसतं ‘नाही’ म्हटलंत तर तो मित्राच्या फोनवर बघेल. बदल्यात शेजारी बसून ‘मिस मार्व्हल’ दाखवा, २०२२ ची, सहाच भाग. वर्गवारी त्याच्या मर्यादेपेक्षा वरची दिसली तर तुमच्या प्रोफाइलवरून, तिघांनी मिळून. सोळा वर्षांची मुलगी, घरात आई-बाप-भाऊ-मशीद-लग्न सगळं, आणि पाचव्या भागात १९४७ ची फाळणी : खचाखच भरलेला प्लॅटफॉर्म, सुटायला टेकलेली गाडी, हात सुटलेलं लेकरू. जंक्शनच्या गावातल्या मुलाला गर्दीत हात सुटणं म्हणजे काय ते माहीत असतं. तो भाग वहिनीही सोडणार नाहीत.

आणि तो पिन मुलाच्या जन्मतारखेचा ठेवू नका, पहिला तोच टाकून बघणार.